सभासद, वर्गणी आणि संगणक

शिक्षकांच्या विषयसंघटनेचे, विज्ञानप्रसार करणाऱ्या परिषदेचे किंवा गावातल्या एखाद्या अभ्यासमंडळाचे सभासद आपल्यापैकी अनेकजण असतील. वर्षाकाठी वर्गणी भरायची, त्या बदल्यात मुखपत्राचे अंक घरपोच यायचे, अधिवेशनाचे निमंत्रण यायचे, जमले तर जायचे. हा व्यवहार इतका अंगवळणी पडला होता की त्यामागे काही गणित आहे, असे कोणाच्या मनातही येत नसे. संगणक, इंटरनेट आणि मोबाइल फोन यांनी ते गणित बदलून टाकले. लेख पडद्यावर वाचता येतो, व्याख्यान घरबसल्या ऐकता येते आणि शंका विचारायला व्हॉट्सॲपचा गट असतो. मग वर्गणी भरायची ती कशासाठी? हा प्रश्न सभासद विचारतात, आणि हिशेबाची वही समोर घेऊन बसलेले कोषाध्यक्षही विचारतात.

आधी हे पाहू, की मुखपत्र आणि सभासदत्व यांची गाठ पडली कशी. शास्त्रीय संस्थांचे मुखपत्र म्हटले की लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चे नाव निघते. सोसायटी स्थापन झाली १६६० मध्ये आणि नियतकालिक निघाले मार्च १६६५ मध्ये. पण ते सोसायटीचे नव्हते! तिचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर काढले होते. सोसायटीने त्याची आर्थिक जबाबदारी घेतली ती १७५२ मध्ये, म्हणजे तब्बल ८७ वर्षांनी. त्यानंतरही बराच काळ ते नफ्याचे साधन नव्हते. सभासदांना आणि इतर संस्थांना अंक देणे हे सोसायटी आपले कर्तव्य मानत होती. शास्त्रीय नियतकालिके विकून संस्था चालवायची, ही पद्धत मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. तेव्हा मुखपत्राच्या जोरावर संस्था चालणे हा काही पूर्वापार चालत आलेला नियम नव्हे. एका विशिष्ट काळात जमून आलेला तो योग होता.

तो योग समजण्यासाठी एक सोपे उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी कल्पिलेले आहेत. समजा, अंक तयार करण्याचा खर्च, म्हणजे लेख मिळवणे, तपासणे, आकृत्या काढणे, जुळणी करणे, २०,००० रुपये येतो. त्यानंतर प्रत्येक प्रतीच्या छपाईला व टपालाला २० रुपये पडतात. सभासद ५०० असतील तर एकूण खर्च ३०,००० रुपये, म्हणजे प्रतीमागे ६० रुपये. सभासद २,००० झाले तर खर्च ६०,००० रुपये, प्रतीमागे ३० रुपये. नवा सभासद आला की सर्वांचाच भार हलका होतो. शिवाय कागदाचा अंक ज्याच्या हाती, तोच वाचणार. वर्गणी न भरणाऱ्याला अंक मिळत नाही, हे आपोआपच साधते.

आता अंक संगणकाच्या फाइलच्या रूपात पाठवू. प्रतीमागचे २० रुपये गेले. २,००० सभासदांना अंक प्रत्येकी १० रुपयांत पडेल. मोठीच बचत! पण फाइल पुढे पाठवायलाही काही खर्च येत नाही. एकाने वर्गणी भरली की अंक दहाजणांच्या फोनवर जातो. सभासदांची संख्या घसरून २०० वर आली तर त्या प्रत्येकावर १०० रुपये पडतात, म्हणजे कागदी अंकाच्या काळापेक्षाही जास्त. पहिल्या प्रतीचा २०,००० रुपयांचा खर्च कोठेच गेलेला नाही. ‘इंटरनेटवर सगळे फुकट असते’ असे म्हणणारे सहसा हा पहिल्या प्रतीचा खर्च विसरतात.

या कोड्याचा तात्त्विक भाग इंटरनेट येण्यापूर्वीच एका अर्थशास्त्रज्ञाने मांडून ठेवला होता. मॅन्कर ऑल्सन यांचे सामूहिक कृतीविषयीचे पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा मुद्दा असा : एखाद्या गटाने मिळवलेला लाभ गटातील सर्वांनाच मिळणार असेल, तर प्रत्येकाला वाटते की कष्ट आणि पैसा दुसऱ्याने द्यावा. शिक्षकांच्या संघटनेने अभ्यासक्रमातली चूक दुरुस्त करून घेतली तर तिचा फायदा सभासद नसलेल्या शिक्षकालाही होतोच. मग मोठ्या संघटना उभ्या राहतात कशा? ऑल्सन यांचे उत्तर : सर्वांसाठीच्या कामाला त्या फक्त सभासदांना मिळणाऱ्या वस्तूची जोड देतात. त्यांनी अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेचे उदाहरण घेतले होते. सभासदांना वैद्यकीय नियतकालिके मिळत आणि न्यायालयात खेचले गेल्यास बचावासाठी मदत मिळे. डॉक्टर त्यासाठी वर्गणी भरत आणि त्या वर्गणीवर संघटनेची बाकीची कामे चालत.

मुखपत्र ही अशी जोडवस्तू होती. संगणकाने नेमकी तीच फुकट करून टाकली. संस्थांची खरी अडचण ही आहे, आणि केवळ आकर्षक संकेतस्थळ काढून ती सुटत नाही.

मोठ्या व्यावसायिक संस्थांनी यातून काढलेल्या वाटा थोडक्यात पाहू. भौतिकीच्या शोधनिबंधांची कच्ची प्रत इतरांना ताबडतोब वाचता यावी म्हणून पॉल गिन्सपार्ग यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस ॲलामॉस येथे एक संगणकीय संग्रह सुरू केला. तो आज ‘अर्काइव्ह’ या नावाने ओळखला जातो आणि सर्वांना मोफत खुला आहे. आता भौतिकीच्या संस्थांची नियतकालिके बंद पडणार, असे भाकीत तेव्हा सहज करता आले असते. ती पडली नाहीत. वाचायला मंडळी मोफत संग्रहाकडे जातात, पण निबंध तज्ज्ञांकडून तपासून प्रसिद्ध व्हावा म्हणून तो संस्थेच्या नियतकालिकाकडेही पाठवतात. नियतकालिक दोन कामे एकत्र करत होते, मजकूर पोचवण्याचे आणि मजकुरावर विश्वासाची मोहोर उमटवण्याचे. संगणकाने पहिले काम घेतले, दुसरे संस्थेकडेच राहिले.

संगणकशास्त्रज्ञांची अमेरिकेतील संघटना, असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी, १९४७ ची. तिने १९९७ मध्ये आपले संगणकीय ग्रंथालय सुरू केले आणि अनेक वर्षे त्याची वर्गणी घेतली. २०२२ मध्ये, पंचाहत्तरीच्या निमित्ताने, तिने आपले १९५१ ते २००० या काळातील साहित्य सर्वांना खुले केले आणि २०२६ च्या सुरुवातीपासून नवे शोधनिबंधही खुले करण्याचा मार्ग पत्करला. खर्च वाचकाऐवजी निबंध लिहिणाऱ्यांच्या संस्थांनी उचलायचा, अशी ही योजना. वाचणाऱ्या शिक्षकाच्या दृष्टीने हे फारच चांगले झाले. मात्र ज्या लेखकामागे श्रीमंत विद्यापीठ नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतो. गरीब देशांतील लेखकांना सवलती दिल्या जातात, पण भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला आहे, नाहीसा झालेला नाही, हे लक्षात ठेवायला हवे. आपल्याकडे बंगळूरच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘रेझोनन्स’ या मासिकाचे लेख इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. ते शक्य आहे, कारण ही ॲकॅडमी केवळ वाचकांच्या वर्गणीवर उभी नाही. सामान्य अभ्यासमंडळाला असा आधार नसतो.

म्हणून आता एका लहान, पण आमच्या मते सर्वांत बोधप्रद संस्थेकडे वळू. तिचे नाव अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स. आपण तिला नुसते ‘संघ’ म्हणू. ज्या ताऱ्यांची तेजस्विता बदलत राहते अशा रूपविकारी ताऱ्यांचे निरीक्षण करणाऱ्या हौशी व व्यावसायिक निरीक्षकांचा हा संघ. असे तारे इतके आहेत, की प्रत्येकावर रोज नजर ठेवणे वेधशाळांना शक्य नव्हते. हार्वर्ड वेधशाळेचे एडवर्ड पिकरिंग यांनी १८८२ मध्येच हौशी निरीक्षकांना मदतीचे आवाहन केले होते. १९११ मध्ये विल्यम टायलर ओल्कॉट या खगोलप्रेमी गृहस्थांनी अशा निरीक्षकांचा संघ बांधला.

निरीक्षणाची रीत साधी आहे. ज्या ताऱ्याची प्रत ठरवायची त्याच्या जवळचे, ठाऊक असलेल्या प्रतीचे दोन तारे निवडायचे, एक किंचित तेजस्वी, एक किंचित मंद. त्यांच्याशी ताडून मधल्या ताऱ्याची प्रत अंदाजायची. सरावलेल्या डोळ्याला दशांशाच्या पहिल्या स्थळापर्यंत अंदाज करता येतो. पण यात एक मेख आहे. पुण्यातल्या निरीक्षकाने एक तुलनातारा घेतला आणि बोस्टनमधल्याने दुसरा, तर दोघांच्या नोंदी एका आलेखावर मांडता येणार नाहीत. सर्वांना तेच तुलनातारे दाखवणारे नकाशे पुरवणे, आलेल्या नोंदी तपासणे आणि त्या जपणे, हे काम संघाने उचलले. एकट्या निरीक्षकाच्या वहीतल्या नोंदीला फारसे मोल नसते. लाखो नोंदींच्या रांगेत ती जाऊन बसली की तिचे मोल वाढते.

या रांगेत आपल्या उपखंडातला एक माणूस मानाने उभा आहे. राधागोविंद चंद्र हे जेसोरचे (आता बांगलादेशात). सरकारी खजिन्यात नोकरी करत आणि रात्री तारे पाहत. १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात दिसलेला नवतारा त्यांनी स्वतंत्रपणे टिपला होता. १९१९ ते १९५४ या काळात त्यांनी संघाकडे ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. १९२६ मध्ये संघाने त्यांना सव्वासहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. जेसोरहून टपालाने अमेरिकेला जाणारे ते कागद किती आठवड्यांनी पोचत असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

संघावर पहिले संकट आले ते संगणकामुळे नव्हे. १९५३-५४ च्या सुमारास हार्वर्ड वेधशाळेने त्याचा आश्रय काढून घेतला. त्या वेळच्या संचालिका मार्गारेट मेयल यांना भाड्याच्या लहानशा कचेरीत बिऱ्हाड हलवावे लागले. संघ टिकला, याचे कारण त्याच्याजवळ इमारत नसली तरी दुसऱ्या कोणाहीजवळ नसलेली गोष्ट होती : चाळीस वर्षांच्या अखंड नोंदी. मेयल यांच्याच कारकिर्दीत, साठच्या दशकात, त्या नोंदी पंचकार्डांवर चढवायला सुरुवात झाली. १९७३ मध्ये आलेल्या जॅनेट मॅटेई यांनी हे काम नेटाने पुढे नेले आणि १९११ पासूनच्या जुन्या कागदांचेही संगणकीकरण झाले. ही कामे इंटरनेटची लाट यायच्या आधीची आहेत. पंचकार्डे जाऊन चुंबकीय फिती आल्या, फिती जाऊन चकत्या आल्या, आणि दर वेळी सगळा साठा नव्या साधनावर उतरवून घ्यावा लागला. कागद पन्नास वर्षे कपाटात पडून राहिला तरी वाचता येतो. संगणकीय नोंद मात्र कोणीतरी सतत सांभाळावी लागते, आणि हे ‘कोणीतरी’ म्हणजे संस्था.

पुढचे पाऊल खरे धाडसाचे होते. संघाने आपला मुख्य ठेवा, म्हणजे नोंदींचा साठा, सर्वांसाठी खुला केला. आज त्यात ५ कोटींहून अधिक नोंदी आहेत. कोणीही तो उतरवून घेऊ शकतो, कोणत्याही ताऱ्याचा आलेख काढू शकतो. नोंद पाठवण्यासाठीही सभासद असण्याची अट नाही. निरीक्षकाला सांकेतिक अक्षरे विनामूल्य मिळतात आणि पाठवलेली नोंद काही मिनिटांत आलेखावर ठिपक्याच्या रूपात दिसते. कोषाध्यक्षांच्या नजरेने पाहिले तर हा आतबट्ट्याचा व्यवहार! पण नोंदी जितक्या जास्त, तितका साठ्याचा उपयोग जास्त. उपयोग जितका जास्त, तितके संशोधक आणि देणगीदार संघाकडे वळतात. कुंपण घातले असते तर साठाच आटला असता.

त्याचा उपयोग किती, याचे एक उदाहरण सविस्तर सांगण्याजोगे आहे. हंस तारकासमूहातील एसएस सिग्नी हा जोडतारा साधारण दर सात आठवड्यांनी एकाएकी उजळतो. बाराव्या प्रतीवरून आठव्या प्रतीपर्यंत येतो. हबल दुर्बिणीने काढलेले त्याचे अंतर सुमारे ५२० प्रकाशवर्षे होते. ते खरे मानले तर असे तारे का उजळतात याचा प्रस्थापित सिद्धांतच अडचणीत येत होता. अंतर रेडिओ दुर्बिणींनी पुन्हा मोजायचे ठरले. पण हा तारा रेडिओ लहरी देतो त्या फक्त उजळल्यावर, आणि तो कधी उजळेल ते आधी सांगता येत नाही. रेडिओ दुर्बिणी महिनोन्‌महिने वाट पाहत बसू शकत नाहीत. संघाच्या हौशी निरीक्षकांनी पाळी लावून ताऱ्यावर पहारा ठेवला, उजळू लागताच कळवले आणि मोजमाप झाले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले नवे अंतर सुमारे ३७० प्रकाशवर्षे निघाले. सिद्धांत वाचला! नेमक्या वेळी हाक देणारी, नकाशे आणि पद्धत एक असलेली, देशोदेशी विखुरलेली माणसे तयार असणे, हे काम नुसत्या साठ्याने होत नाही.

आता संघापुढे तिसरे आव्हान आहे. सारे आकाश वारंवार टिपणाऱ्या स्वयंचलित दुर्बिणी आल्या आहेत. चिलीमधील रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. मग डोळ्याने ताऱ्याची प्रत अंदाजणाऱ्याची गरज काय? एक उत्तर गमतीचे आहे. या दुर्बिणी इतक्या संवेदनशील आहेत की तेजस्वी ताऱ्यांनी त्यांचे डोळे दिपतात. मृगातील काक्षी हा तारा २०१९ च्या अखेरीस मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला, तेव्हा त्याच्या जुन्या वर्तनाशी तुलना करण्यासाठी शंभर वर्षांच्या हौशी नोंदीच उपयोगी पडल्या. उत्तर मुकुटातील टी कोरोने बोरियॅलिस हा तारा १८६६ आणि १९४६ मध्ये भडकला होता. तो २०२४ मध्ये पुन्हा भडकेल असे भाकीत होते. ते वर्ष स्फोटाविनाच गेले. पण त्यावर लागलेल्या डोळ्यांची संख्या मोजली तर हौशी निरीक्षकांचे दिवस संपले असे कोणी म्हणणार नाही.

मग या संघात वर्गणी भरून काय मिळते? छायाचित्रांवरून प्रत मोजण्याची संगणकीय सोय, दूरच्या स्वयंचलित दुर्बिणींवर वेळ मागण्याची संधी, अनुभवी निरीक्षकाचे मार्गदर्शन आणि कारभारात मत. जोडवस्तू बदलली आहे. पूर्वी ती माहिती होती, आता ती साधने आणि शिकवण आहे.

आपल्याकडच्या संस्थांनी याचा विचार करताना व्हॉट्सॲपच्या गटांशी स्वतःची तुलना करून खंतावू नये, असे आम्हांला वाटते. गट फार उपयोगी असतो. रात्री दहा वाजता विचारलेल्या शंकेला सव्वादहाला उत्तर येते. पण ते चूक असले तर दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाची? दोन वर्षांपूर्वी तिथे झालेली चांगली चर्चा शोधून काढणारा कोण? गटाला घटना नसते, हिशेब नसतात, निवडणूक नसते. गटप्रमुखाचा फोन हरवला की दप्तर हरवते. संस्था अधिनियमाखाली आणि सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली नोंदलेल्या मंडळाला दरवर्षी तपासलेले हिशेब द्यावे लागतात, याचा आपण त्रासच मानतो. पण परीक्षा घेणे, पारितोषिकाचा निधी सांभाळणे, शासनाकडे अधिकाराने निवेदन देणे ही कामे त्या कटकटीमुळेच शक्य होतात. इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स ही १९८४ मध्ये स्थापन झालेली शिक्षकांची संघटना विज्ञान ऑलिंपियाडच्या पहिल्या पायरीच्या परीक्षा घेत आली आहे. हे काम कुठल्या गटावर सोपवता येईल?

अडचणीची जागा दुसरीच आहे, ती म्हणजे आजीव सभासद. समजा, १९९० मध्ये एकाने ५०० रुपये देऊन आजीव सभासदत्व घेतले. ठेवीवर ११ टक्के दराने वर्षाला ५५ रुपये व्याज येई आणि त्यात त्या वेळच्या अंकांचा खर्च कसाबसा भागे. ७ टक्के दराने ते व्याज आता ३५ रुपये येते, आणि तेवढ्यात एका अंकाची छपाई व टपालही होत नाही. टपालाचे मार्गही आक्रसत आहेत. २०२५ मध्ये रजिस्टर टपालाची वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. या सभासदांना अंक फाइलरूपाने पाठवणे हा सरळ उपाय दिसतो. पण त्यांतले अनेकजण वयस्कर आहेत, कागदाचा अंक हेच त्यांचे संस्थेशी नाते आहे, आणि अडचणीच्या काळात त्यांच्याच पैशांवर संस्था उभी राहिली होती. त्यांना विचारल्याशिवाय अंक बंद करणे आम्हांला योग्य वाटत नाही. कागदी अंक हवा की फाइल, असे विचारणारे एक जोडकार्ड पाठवले तर तो खर्च वाया जाणार नाही. शिवाय सभेची सूचना टपालानेच पाठवावी असे घटनेत लिहिले असेल, तर आधी घटनादुरुस्ती हवी. नाहीतर ईमेलवर बोलावलेल्या सभेचे ठराव पुढे वादात सापडतात.

संघाच्या कामात भाग घ्यायचा असेल तर शाळेला वर्गणीची गरज नाही. हिवाळ्यात रात्री आठ-नऊच्या सुमारास काक्षी पूर्वेकडे चांगला वर आलेला असतो. त्याची प्रत ०.४ च्या प्रश्वाशी आणि ०.९ च्या रोहिणीशी ताडून पाहावी. क्षितिजालगतचा तारा वातावरणामुळे मंद दिसतो, म्हणून तिन्ही तारे पुरेसे वर येईपर्यंत थांबावे. आठवड्यातून एकदा पाहिले तरी पुरे, रोज पाहिले तर मागचा आकडा मनात राहून अंदाज बिघडतो. प्रत्येक मुलाने आपला आकडा शेजाऱ्याला न सांगता लिहावा. नोंद पाठवताना वेळ जागतिक वेळेत द्यावी लागते, तेव्हा घड्याळातल्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे. पहाटे चार वाजताचे निरीक्षण असेल तर तारीखही एक दिवस मागे जाते, आणि मुलांचे हमखास चुकते ते इथेच.